रोल संपू दे, मग बघू

मित्रांनो, मी एक जुना फोटोचा रोल आहे. जुना म्हणजे सव्वीस वर्षांचा, आणि त्यातली बहुतेक वर्षं मी बंद कॅमेऱ्यात, बंद पेटीत, बंद माळ्यावर काढली आहेत. तेव्हा माझ्या बोलण्यात चिडचिड जाणवली तर समजून घ्या. माझ्या जागी तुम्ही असतात तर घर डोक्यावर घेतलं असतं.

तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखं काही पाहिलंही नसेल. तुम्ही फोन उचलता, एका मिनिटात वीस फोटो काढता आणि त्यातले अठरा पुसून टाकता. मी म्हणजे प्लॅस्टिकची एक लांब पट्टी, तिच्यावर औषधाचा पातळ थर, आणि हे सगळं गुंडाळून एका छोट्या डबीत भरलेलं. माझ्यावर छत्तीस फोटो बसतात. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की आतली झडप क्षणभर उघडते आणि तेवढ्यात जे समोर येईल ते मी धरून ठेवतो. पण धरलेलं मला लगेच दाखवता येत नाही. त्यासाठी आधी मला अंधाऱ्या खोलीत नेऊन औषधात धुवावं लागतं. तोवर मी मुका. सगळं माहीत असून मुका! या एका गोष्टीपायी माझं अर्धं आयुष्य चरफडण्यात गेलं.

माझा जन्म कारखान्यातल्या मिट्ट काळोखात झाला. तिथले कामगार नुसत्या हातांच्या अंदाजाने काम करत. डबीत बसल्यावर मी खोक्यात गेलो, खोक्यावर 'या तारखेपूर्वी वापरा' असा शिक्का बसला, आणि मी एका दुकानाच्या काचेच्या कपाटात येऊन राहिलो. तिथून मला एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने घरी नेलं. त्याच्या नखांत कायम ग्रीस असे. मला कॅमेऱ्यात बसवण्याआधी त्याने तीनदा साबणाने हात धुतले, हे मात्र मला त्याच्याबद्दल चांगलं सांगितलं पाहिजे.

घरात तिघं होती. हा लिफ्टवाला, त्याची बायको आणि बारा वर्षांचा मुलगा. लिफ्टवाल्याला फोटोंची भारी हौस, पण कला बेताची. "एक, दोन, तीन" म्हणायचं ठरवून तो दोनलाच बटण दाबी, त्यामुळे सगळ्यांची तोंडं अर्धवट उघडी. माझे पहिले एकोणीस फोटो असे गेले: तळ्याकाठची सहल, नवी स्कूटर चारही बाजूंनी, मेहुणीच्या घराचं दार, आणि दोन ठिकाणी त्याचाच अंगठा. मला वाटलं, शिकेल हळूहळू.

मग विसाव्या, एकविसाव्या आणि बाविसाव्या फोटोचा दिवस आला. माझी सगळी गोष्ट या तीन फोटोंची आहे, म्हणून नीट ऐका.

मुलाच्या शाळेत नाटक होतं. एकच प्रयोग, दुपारी चारला. त्याला पहारेकऱ्याचं काम मिळालं होतं. काम म्हणजे काय, तर काळोख्या रंगमंचावर कंदील घेऊन एकट्याने चालत जायचं आणि एकच वाक्य बोलायचं. पण महिनाभर त्या एका वाक्याने घरात उच्छाद मांडला होता. दात घासताना वाक्य, जेवताना वाक्य. आई नेमकी त्या दिवशी तापाने फणफणलेली, तेव्हा बघायला जाणार फक्त बाबा. तिसऱ्या रांगेतली खुर्ची बाबांसाठी राखून ठेवली होती. सकाळी निघताना मुलगा म्हणाला, "बाबा, लिफ्ट अडकली तरी अडकू दे. तुम्ही यायचंच."

"येतो म्हटलं ना," बाबा म्हणाला आणि मला, म्हणजे कॅमेऱ्याला, गळ्यात अडकवून कामावर गेला.

आणि लिफ्ट अडकलीच. सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये चार माणसं. बाबाने त्यांना बाहेर काढलं, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि शाळा गाठली. मी त्याच्या छातीवर धाडधाड आपटत होतो. पोचलो तेव्हा सभागृहात अंधार झाला होता. ग्रीसने माखलेले कपडे घालून सगळ्यांच्या गुडघ्यांवरून तिसऱ्या रांगेत कसं जायचं, म्हणून तो मागे दाराजवळच उभा राहिला. त्याने तीन फोटो काढले. फ्लॅश लावला नाही, कारण पोराचं लक्ष उडेल. त्याचं म्हणणं मला पटलं, पण माझी पंचाईत झाली. मला दिसायला उजेड लागतो! तीन वेळा झडप उघडली आणि तिन्ही वेळा मला काळोखात एक लहानसा उजेडाचा ठिपका दिसला. बस, तेवढंच. मग सभागृहात हसण्याचा आवाज झाला, आणखीही कसले कसले आवाज झाले, पण झडप परत उघडली नाही. थोड्या वेळाने आम्ही तिथून निघालो, कारण दुसरी लिफ्ट वाट बघत होती.

संध्याकाळी बाबा घरी येऊन बाथरूममध्ये हात धुऊ लागला. मला त्याने दारामागच्या खुंटीला टांगलं होतं. आतल्या खोलीत मुलगा अंथरुणातल्या आईला सांगत होता, "एकही चूक झाली नाही, आई. सगळं एकदम बरोबर!" बाथरूममधला नळ मध्येच बंद झाला. मग पुन्हा सुरू झाला.

जेवताना मुलगा बाबांकडे बघेचना. शेवटी म्हणाला, "का नाही आलात?"

"अरे, आलो होतो. मागे उभा होतो."

"खुर्ची रिकामी होती."

"कपडे खराब होते म्हणून मागे थांबलो. फोटोपण काढलेत तुझे."

मुलाने घास खाली ठेवला. "मग सांगा, काय झालं माझ्या वेळी?"

बाबाने एकदा बायकोकडे बघितलं, एकदा मुलाकडे. "छान झालं की. मस्त केलंस."

"बघ आई," मुलगा उठून म्हणाला, "ह्यांना काहीच माहीत नाही. हे आलेच नव्हते."

"रोल संपू दे," बाबा म्हणाला. "मग बघू. फोटोच दाखवतो तुला."

मित्रांनो, मी खुंटीवर लटकून कळवळत होतो. आला होता! मी त्याच्या गळ्यात होतो, माझ्याइतका पक्का साक्षीदार दुसरा कोण? पण मला विचारतो कोण, आणि विचारलं तरी मी सांगणार कसा? मला वाटलं, ठीक आहे, चौदा फोटो राहिलेत. चार दिवसांत ते काढतील, मला धुवायला टाकतील आणि वाद मिटेल.

कसलं काय! त्यानंतर बाबाने कामासाठी लिफ्टच्या मोटारीचे तीन फोटो काढले. मग गॅलरीत आईचे चार निघाले, नवी साडी नेसून, केस मोकळे सोडून. "आयुष्यात पहिल्यांदा माझे फोटो चांगले येणार आहेत," असं ती म्हणाल्याचं मला लख्ख आठवतं. आकडा एकोणतीसवर आला आणि तिथेच थांबला. उरलेले सात सहलीसाठी ठेवले, तर सहल रद्द झाली. मग मुलाच्या वाढदिवसासाठी ठेवले, तर त्या दिवशी मुलगा मित्रांकडे निघून गेला. एकदा आईने सरळ विचारलं, "अहो, देऊन टाका ना तो रोल धुवायला. पोरगं रोज धुसफुसतंय." तर हे गृहस्थ म्हणाले, "सात फोटो वाया घालवायचे? संपू दे." सात फोटोंसाठी! मला तर स्वतःच्याच डबीवर डोकं आपटावंसं वाटे. घरात पोटचा पोरगा बोलत नाही, आणि याला त्या सात कोऱ्या जागांची काळजी.

असं हे भिजत घोंगडं पडून राहिलं. पुढे छोटा नवा कॅमेरा आला, मग फोन आले, आणि आमची रवानगी माळ्यावर झाली. माझ्यावरची तारीख उलटून गेली. उन्हाळ्यात पेटी तापे, तेव्हा माझ्यावरचे रंग आतल्या आत विरत होते. खालची बोलणी मला ऐकू येत. आधी भांडणं ऐकू येत, मग तीही थांबली. मुलगा मोठा झाला, दुसऱ्या गावी राहायला गेला. महिन्यातून एकदा येई तेव्हा बापलेकांचं बोलणं असं चाले: "गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." "नळ गळतोय तो बघितला?" "बघितला." मुलाने नोकरीतल्या बढतीचं आईला फोनवर सांगितलं, घर घेतल्याचंही आईलाच. बाबाला कळे ते आईकडून. एका खुर्चीचा राग इतका लांबतो, यावर माझा विश्वास बसत नव्हता.

गेल्या महिन्यात त्यांनी घर बदलायचं ठरवलं. बाबाचे गुडघे गेले होते. जन्मभर लोकांना वरखाली नेणारा माणूस स्वतः मात्र बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर राहिला! मुलगा सामान आवरायला आला आणि माळ्यावरून पेटी खाली उतरली.

आता पुढचं सांगताना माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो. आईने कॅमेरा हातात घेतला, म्हणाली, "ह्यात सेल राहिलेत का बघते, आत फुटतात मेले," आणि खटकन मागचं झाकण उघडलं! सव्वीस वर्षं मी उजेडापासून जपलेलं सगळं, आणि समोर भर दुपारची उघडी खिडकी. मुलगा ओरडला, "आई, बंद कर! आत रोल आहे!" तिने लगेच बंद केलं, पण वरच्या वेढ्यांवरचे फोटो जळून गेले. वरच्या वेढ्यांवर होते तिचेच ते गॅलरीतले चार. तिने आपल्याच हाताने स्वतःला पुसून टाकलं. आतल्या वेढ्यांना किती चटका बसला, ते माझं मलाही कळेना.

मुलगा कॅमेरा हातात धरून तसाच उभा राहिला. कॅमेऱ्यावरच्या इवल्याशा काचेतला फोटोंचा आकडा, एकोणतीस, त्याने दोनदा वाचला. "बाबा, हा तोच रोल?"

बाबा खुर्चीत वर्तमानपत्राच्या घड्या घालत होता. "असेल. राहू दे ना आता. टाकून दे."

"टाकून दे? लहानपणभर तुम्ही मला हा रोल ऐकवलात. आता बघूच काय निघतंय. निघालं तर निघालं, नाहीतर हा विषय माझ्यापुरता कायमचा संपला."

बाबा पुन्हा घड्या घालू लागला, आणि मला धडकी भरली. माझ्यावर काय आहे ते मला ठाऊक होतं. तीन ठिपके. त्यांच्या भरवशावर हा माणूस बापाचा हिशेब मिटवायला निघाला होता.

मुलाने मला जवळच्या स्टुडिओत नेलं. तिथल्या बाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधणाऱ्या. त्यांचं काम आता ओळखपत्रांचे फोटो काढायचं आणि कपांवर चित्रं छापायचं. डार्करूममध्ये रिकाम्या फ्रेमा आणि पाहुण्यांसाठीची गादी ठेवली होती.

"धुते," बाई म्हणाल्या, "पण आधीच सांगते, रंग विसरा. इतका जुना रंगीत रोल काळ्या-पांढऱ्याच्या औषधातच धुवावा लागतो. आणि वर झाकण उघडलंय म्हणता. येईल ते येईल. नंतर माझ्याशी भांडायचं नाही."

"नाही भांडणार. फक्त वीस ते बावीस नंबर बघायचेत."

"अहो, धुताना तुमचे नंबर वेगळे काढता येत नाहीत. सगळा एकदमच धुवायचा."

गादी बाहेर आली, फटींना काळं कापड लागलं आणि दिवा गेला. बाईंनी कॅमेऱ्याचा गुंडाळायचा दांडा फिरवला, तर तो गंजून बसलेला. शेवटी त्यांनी काळोखातच कॅमेरा उघडून मला बोटांनी बाहेर काढलं. एवढी वर्षं एकाच वळणात राहून मी ताठ झालो होतो. धुवायच्या डब्यात ज्या चक्रीवर रोल गुंडाळतात तिच्यात जाईनाच, एकदा निसटून त्यांच्या मनगटावर सपकन बसलो. "मेल्या, सरळ हो," त्या पुटपुटल्या. मी तरी काय करू? मला सरळ व्हायची सवय कुणी लावली होती? तिसऱ्या खेपेला मी कसाबसा बसलो. मग काळ्या डब्यात बंद केलं, औषध ओतलं आणि बाई मिनिटामिनिटाला डबा उलटा-सुलटा करू लागल्या.

औषध अंगाला लागलं आणि मला सगळीकडे खाज सुटावी तसं झालं. तळं जागं झालं, स्कूटर जागी झाली, अंगठे तर सगळ्यांच्या आधी जागे झाले! मी जीव मुठीत धरून विसाव्या जागेकडे लक्ष लावून बसलो. तिथे काहीतरी होतं. होतं, पण किती थोडं.

धुऊन, पाण्यातून काढून बाईंनी मला दोरीला चिमट्याने लटकवलं. वाळल्यावर मुलाने मला खिडकीसमोर धरलं आणि बोटाने मोजत गेला. अठरा, एकोणीस, वीस. त्याचा चेहरा उतरला.

"हे तीन रिकामे आहेत," तो म्हणाला. "म्हणजे काढलेच नाहीत. मला माहीत होतं."

"दाखवा इकडे." बाईंनी चष्मा शोधला, तो डोक्यावर सापडला. "रिकामे कसले? ठिपका आहे की प्रत्येकात. कमी उजेडात काढलेत, फ्लॅश नाही. थांबा, मोठे करून देते."

त्यांनी मला यंत्रावर ठेवलं आणि तिन्ही फोटो पडद्यावर शेजारीशेजारी आणले. कडा जळून पांढऱ्या पडलेल्या, मध्ये सगळा काळोख. पहिल्यात डावीकडे एक उजेडाचा ठिपका. दुसऱ्यात तोच ठिपका मध्यभागी. तिसऱ्यात तो आणखी थोडा उजवीकडे, पण अगदी खाली.

मुलगा पडद्याकडे बघत खुर्चीवर बसला.

"दिवा आहे का हो हा?" बाईंनी विचारलं.

"कंदील. माझ्या हातात होता. नाटकात."

"मग या तिसऱ्यात इतका खाली कसा?"

तो म्हणाला, "मी पडलो होतो. पडद्याच्या दोरीत पाय अडकला आणि तोंडावर आपटलो. अख्खं सभागृह हसलं. घरी मी कुणाला सांगितलं नाही. आईला म्हटलं, एकही चूक झाली नाही." त्याने डोळे पुसले. "बाबांना मी मुद्दाम विचारलं होतं, सांगा काय झालं. ते म्हणाले, छान झालं. मला वाटलं, आले असते तर पडलास म्हणाले असते."

मित्रांनो, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिसरा ठिपका खाली का, हे इतकी वर्षं अंगावर वागवून मला कळलं नव्हतं. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

घरी बाबा खोक्यांना दोऱ्या बांधत बसला होता. मुलगा त्याच्यासमोर जमिनीवर बसला आणि छापून आणलेले तीन फोटो त्याने पुढे ठेवले. मी त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होतो.

"बाबा, मी पडलो ते तुम्ही पाहिलं होतं."

बाबाने फोटो लांब धरून बघितले. "हो."

"मग त्या दिवशी का नाही बोललात? मी विचारलं होतं ना?"

"तू आईला सांगत होतास, एकही चूक झाली नाही. मी ऐकलं ते. मग तिच्यासमोर तुला खोटं कसं पाडायचं?"

"नंतर तरी सांगायचं. एकट्याला."

"वाटलं, दोन दिवसांत विसरशील." बाबा दोरीची गाठ सोडत होता, जी त्याने आत्ताच मारली होती. "मग रोलची भीती वाटायला लागली. फ्लॅश नव्हता. धुतला आणि काहीच आलं नाही तर तू म्हणणार, बघा, नव्हतातच. त्यापेक्षा म्हटलं, राहू दे तसाच."

म्हणजे सात फोटो वाया जातील हे नुसतं निमित्त होतं! आणि मी इतकी वर्षं त्याला चिक्कू म्हणत होतो. खरं सांगू, मला त्याची कीव आली आणि रागही दुप्पट झाला. आई दारात उभी होती. "दोघंही एका माळेचे मणी," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

मुलगा तिसऱ्या फोटोवर बोट ठेवून बसला होता. "पण मी नंतर उठलो, बाबा. उठून वाक्य म्हटलं. मोठ्याने म्हटलं. त्याचा फोटो नाही काढलात?"

"कसा काढणार?" बाबा म्हणाला. "सगळे हसत होते. मी टाळ्या वाजवत होतो. हात मोकळे कुठे होते?"

मुलाने वर बघितलं. "मागून कुणीतरी एकट्याने वाजवत होतं. मला वाटलं, आमचे सर. ते तुम्ही होतात?"

बाबाने मान हलवली. मग त्या दोघांनी काय केलं ते मला दिसलं नाही, कारण मी खिशात चुरगळलो गेलो. माझ्यावर कायमची एक घडी पडली आहे, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

बाकी तक्रारी आहेतच. त्या रात्री जेवताना दोघं जे बोलायला लागले ते थांबेचनात, आणि मी फळीवर पडून हेच मोजत होतो, की ही असली जेवणं किती बुडाली. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो. घरात कुठे जुना कॅमेरा सापडला तर त्याचं झाकण उघडू नका, तो तसाच जाणत्या माणसाकडे न्या. रोल संपायची वाट बघू नका, अर्धा असला तरी धुवायला टाका. आणि कुणी विचारलं, काय पाहिलंस, तर जे पाहिलं ते जपून, प्रेमाने, पण त्याच आठवड्यात सांगून टाका. ते काम आमच्यावर सोपवू नका. मला सव्वीस वर्षांत तीन ठिपके दाखवता आले. टाळ्या माझ्यावर उमटत नाहीत.